काळी माती, तिसरी पिन आणि वऱ्हाडातील प्रयोगशाळा

प्रयोगशाळेतील मापन-उपकरण संगणकाला जोडणे म्हणजे वरवर पाहता एका केबलची दोन टोके दोन खाचांत बसवणे एवढेच काम असले, तरी त्या केबलमधून माहितीबरोबर आणखी एक गोष्ट दोन्ही यंत्रांत सामायिक होते, आणि ती म्हणजे दोघांनी मानलेले शून्य. व्होल्ट हे माप कोणत्याही एका बिंदूचे नसते. ते दोन बिंदूंमधील विद्युतदाबाच्या फरकाचे असते, आणि म्हणून प्रत्येक यंत्राला आपले शून्य कोठेतरी मानावे लागते. इमारतीतील विजेच्या जोडणीत हे शून्य अखेरीस जमिनीवर टेकलेले असते. दोन यंत्रांची शून्ये एकच असतील तर केबलमधून केवळ संदेश जातो. ती वेगळी असतील तर त्याच केबलमधून त्या फरकाचा प्रवाह वाहू लागतो, वाचने बिघडतात, नाजूक घटक जळतात आणि प्रसंगी माणसाला झटका बसतो. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांमध्ये प्रयोगशाळा संगणकाला कशा जोडल्या गेल्या याचा मागोवा घेताना म्हणूनच यंत्रांइतकाच त्यांच्या पायाखालच्या मातीचाही विचार करावा लागतो.

ही माती म्हणजे बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली, कापसाची म्हणून जगभर ओळखली जाणारी काळी माती. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि पाणी गमावून आकसते, त्यामुळे पावसाळ्यात पाय रुतवणारी हीच जमीन एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते आणि त्या भेगा कित्येकदा हातभर खोल जातात. विजेच्या दृष्टीने या स्वभावाला मोठा अर्थ आहे. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, परंतु ती वाळून आकसली की तिच्यात पुरलेल्या धातूच्या नळीपासून सुटते, नळी आणि माती यांच्यामध्ये हवेची फट पडते आणि जमिनीशी असलेला संपर्क नेमका उन्हाळ्यात, म्हणजे पंखे व कूलर यांचा भार सर्वाधिक असताना, दुबळा होतो. दोन्ही जिल्ह्यांतील सगळी जमीन मात्र एकसारखी नाही. अमरावती शहराच्या पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अंगाला मातीचा थर पातळ असून खाली मुरूम आणि खडक लागतो, व कोरडा खडक विजेला फारसा वाट देत नाही. याच्या अगदी उलट स्थिती पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील ज्या गाळाच्या प्रदेशात विहिरीचे पाणी खारट लागते, तेथे क्षारांमुळे जमिनीचा विद्युतरोध फार कमी असतो. चार सळया जमिनीत रोवून रोध मोजण्याची जी पद्धत फ्रँक वेनर यांनी १९१५मध्ये मांडली, तिच्या साहाय्याने भूजलाच्या शोधात गोडे आणि खारे पाणी ओळखता येते ते याच कारणामुळे. परंतु जे क्षार विजेला वाट देतात तेच लोखंड खातात, आणि त्यामुळे खारपाणपट्ट्यात पुरलेली नळी वरून शाबूत दिसत असताना आतून गंजून तुटलेली असू शकते. मुरमाची अडचण मोजणीत लगेच दिसते. गंजलेल्या नळीची अडचण अपघात होईपर्यंत दिसत नाही, म्हणून ती अधिक फसवी मानली पाहिजे.

मातीला विजेच्या मंडलाचा भाग करण्याची कल्पना वऱ्हाडात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी, तारायंत्राबरोबर आली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्टाइनहाइल यांनी १८३८मध्ये असे दाखवले होते की तारायंत्राला जाण्यायेण्यासाठी दोन तारा लागत नाहीत; एक तार खांबावरून नेली आणि परतीचे काम जमिनीवर सोपवले तरी संदेश पोचतो. भारतात विल्यम ओशॉनेसी या कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८३९मध्ये तारेचे पहिले प्रयोग केले आणि १८५१मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही ओळ सुरू झाली. वऱ्हाड १८५३मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७मध्ये अकोला व बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला, आणि १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची शाखा उघडली गेली. कापसाच्या भावाला तारेची गरज होती आणि तारेला जमिनीची. तारखात्याची सर्वसाधारण पद्धत अशी होती की परतीच्या जोडणीची धातूची पाटी ओलसर जागी, शक्य असेल तेथे विहिरीतच, सोडली जाई, आणि वळवाच्या विजांपासून यंत्र वाचवण्यासाठी तारेच्या शेवटी वीजरोधक बसवला जाई. वीजरोधक म्हणजे अगदी थोड्या अंतरावर समोरासमोर ठेवलेले धातूचे दोन तुकडे, ज्यांपैकी एक तारेला आणि दुसरा जमिनीला जोडलेला असतो. नेहमीच्या कमी दाबाला ती फट ओलांडता येत नाही, परंतु आकाशातील विजेचा प्रचंड दाब तेथे ठिणगीच्या रूपाने उडी घेऊन यंत्राला वगळून जमिनीत निघून जातो. उपकरण दूरच्या तारेला जोडायचे असेल तर त्याच्यासाठी जमिनीत जाणारी एक सुटकेची वाट आधी करून ठेवावी लागते, हे तत्त्व संगणकाच्या जोडणीपर्यंत बदललेले नाही.

घरगुती विजेबरोबर जमिनीचे दुसरे, अधिक महत्त्वाचे काम पुढे आले, आणि ते म्हणजे माणसाचे रक्षण. भारतीय विद्युत अधिनियम १९१०चा, त्याखालील विद्युत नियम १९५६चे आणि भूसंपर्काची भारतीय मानक संहिता, जिचा क्रमांक ३०४३ आहे, पहिल्यांदा १९६६ची. या संहितेप्रमाणे जमिनीत किमान अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी किंवा साठ सेंटिमीटर चौरस पाटी पुरली जाते आणि तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर भरले जातात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वाहक बनवते. वर एक नरसाळे व सिमेंटचे झाकण असते, ज्यातून उन्हाळ्यात पाणी ओतायचे असते. यालाच सर्वत्र अर्थिंग म्हणतात आणि भूसंपर्कन हा पारिभाषिक शब्द पुस्तकांबाहेर क्वचितच ऐकू येतो. या खड्ड्यातून निघालेली हिरवी तार इमारतीतील प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या, वरच्या छिद्रापर्यंत येते. तीन पिनांच्या प्लगमधील तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब का असते, याचे कारण साधे पण मार्मिक आहे: प्लग बसवताना तिने सर्वांत आधी जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगाला जमिनीचा आधार नसताना एक क्षणही वीज मिळू नये. प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेचा सगळा क्रम या एका पिनेच्या लांबीत लिहिलेला आहे, आणि तरीही दोन पिनांचे सॉकेट जवळ आहे म्हणून ती काढून टाकण्याची किंवा हिरवी तार मोकळी सोडून देण्याची सवय दीर्घकाळ टिकून राहिली, ही गोष्ट खेदाने नोंदवावी लागते.

अमरावतीत १९२३मध्ये किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे पुढे विदर्भ महाविद्यालय आणि आता शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था असे रूपांतर झाले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तीसच्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत विज्ञान नेले. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चे, आणि पंजाबरावांच्याच नावाचे अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९चे. या संस्थांतील मापनाची पद्धत कितीतरी वर्षे एकच होती: काट्याची तबकडी डोळ्यांनी वाचायची आणि आकडा नोंदवहीत पेन्सिलीने उतरवायचा. वाचन आपोआप टिपायचे झाल्यास सरकत्या कागदावर पेनाने रेघ काढणारा आलेखक वापरला जाई. उपकरण आणि नोंद यांच्यामध्ये माणूस उभा होता, आणि विजेच्या भाषेत सांगायचे तर तो माणूस हाच उत्तम विलगक होता, कारण त्याच्या डोळ्यांतून उपकरणाचा दाब नोंदवहीत उतरू शकत नव्हता. संगणकाने हा मधला माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी तांब्याची तार आणली.

जगात ही तार दोन मार्गांनी आली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६०मध्ये दूरमुद्रक आणि मोडेम यांच्यासाठी आरएस-२३२ हे मानक ठरवले आणि १९६९मध्ये त्याची सी ही सुधारित आवृत्ती काढली. दुसरीकडे ह्यूलेट-पॅकार्ड या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या मापकांसाठी जी समांतर जोडणी तयार केली, तिला १९७५मध्ये आयईईई ४८८ या मानकाचे रूप मिळाले आणि एका केबलवर पंधरापर्यंत उपकरणे ओवणे शक्य झाले. ही दुसरी पद्धत महाग होती, आणि जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयाला ती परवडण्याजोगी नव्हती. नोव्हेंबर १९८४च्या केंद्रीय संगणक धोरणानंतर देशात संगणक स्वस्त होऊ लागले. त्याच सुमारास शाळांसाठी सुरू झालेल्या क्लास या राष्ट्रीय योजनेतून आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाला तर मागच्या बाजूस विद्युतदाब थेट वाचणारी चार वाटांची खाच होती. शालेय संगणक हे मापनाचेही साधन असावे हा त्यामागचा विचार आजही मोलाचा वाटतो. वऱ्हाडापुरते पाहिले तर १९८३ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी १ मे रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी बडनेरा व शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उघडली. मायक्रोप्रोसेसर, म्हणजे एका चिपवर मावणारा संगणकाचा गणक-भाग, अभ्यासक्रमात आला आणि त्याच्याबरोबर इंटरफेसिंग हा शब्द प्रयोगशाळांच्या बोलण्यात रुळला.

त्यानंतरची वीस वर्षे आरएस-२३२ची, म्हणजे बोलीत ज्याला सीरियल पोर्ट किंवा कॉम पोर्ट म्हणतात त्या खाचेची होती. वर्णपटमापक, पीएच मीटर, इलेक्ट्रॉनिक तराजू यांच्या मागे तीच खाच असे, आणि रोगनिदान प्रयोगशाळेतील रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रांच्या मागेही तीच. या मानकात एका तारेवरचा दाब उणे तीन व्होल्टांच्या खाली गेला तर एक आणि अधिक तीन व्होल्टांच्या वर गेला तर शून्य असा अंक वाचला जातो, आणि हा दाब दोन्ही यंत्रांना सामायिक असलेल्या एका शून्य-तारेच्या सापेक्ष मोजला जातो. पंचवीस पिनांच्या जुन्या खाचेत ही तार सातव्या पिनेवर असे, तर १९८४च्या आयबीएम पीसी-एटीबरोबर आलेल्या नऊ पिनांच्या खाचेत ती पाचव्या पिनेवर आली. पाठवण्याची आणि घेण्याची तार या दोन्ही खाचांत उलटसुलट असल्यामुळे कित्येक जोडण्या मुक्या राहत आणि दोन तारांची अदलाबदल करताच बोलू लागत. परंतु तो दोष निरुपद्रवी होता. खरा धोका शून्य-तारेत होता.

हा धोका नीट समजून घ्यायचा तर संगणकाच्या वीजपुरवठा-डब्यात डोकवावे लागते. विजेच्या तारेवरचा कर्कश गोंगाट जमिनीत सोडून देण्यासाठी त्या डब्यात दोन लहान धारित्रे, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, बसवलेले असतात. त्यांपैकी एक फेजच्या तारेपासून आणि दुसरे न्यूट्रलपासून निघून दोन्ही संगणकाच्या धातूच्या अंगाला मिळतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह तिसऱ्या पिनेवाटे निघून जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर दोन सारख्या धारित्रांच्या मध्यावर अडकलेले ते अंग २३० व्होल्टांच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर, तरंगत राहते. संगणकाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव ज्यांना आला त्यांनी या दाबाला स्पर्श केलेला असतो. प्रवाह इतका थोडा असतो की माणसाच्या जिवाला त्यापासून सहसा धोका नसतो, परंतु सीरियल खाचेमागील चिपला तो पुरेसा असतो. दोन्ही यंत्रे चालू असताना केबल खोचली आणि शून्याच्या पिनेआधी संदेशाची पिन टेकली, तर तो सगळा फरक त्या चिपमधून वाट काढतो आणि ती क्षणात निकामी होते. चौदा पायांच्या १४८८ आणि १४८९ या जोडचिपा, आणि नंतर १९८७मध्ये आलेली सोळा पायांची मॅक्स-२३२ ही चिप, मंडलावर थेट डाखण्याऐवजी बदलता येईल अशा सॉकेटमध्ये बसवण्याची काळजी अनुभवी तंत्रज्ञ घेत ती याचसाठी. दोन्ही यंत्रे बंद करावी, दोघांचे प्लग एकाच बोर्डावर लावावे, केबल जोडावी, मग आधी उपकरण आणि नंतर संगणक चालू करावा, हा जो क्रम शिकवला जातो त्याचे कारण येथे आहे. कारण न सांगता केवळ क्रम सांगितला की तो पाळला जात नाही.

एकाच बोर्डाचा आग्रह कशासाठी, हेही मातीशीच जाऊन मिळते. उपकरण एका इमारतीत आणि संगणक दुसऱ्या इमारतीत असेल, आणि दोन इमारतींचे अर्थिंगचे खड्डे वेगळे असतील, तर मे महिन्यातील भेगाळलेल्या काळ्या मातीत त्या दोन खड्ड्यांचे शून्य एक राहील याची शाश्वती नसते. कोठेतरी गळती झाली की एका खड्ड्याचा दाब वर उचलला जातो आणि त्या प्रवाहाला दुसऱ्या खड्ड्याकडे जायला कोरड्या मातीपेक्षा केबलमधील बारीक शून्य-तार अधिक सोयीची वाटते. या बंद वाटेला भू-वलय म्हणतात. सौम्य रूपात ते वाचनांवर सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारी लाट चढवते, आणि तीव्र रूपात केबल तापवते. याहून भयंकर प्रघात म्हणजे अर्थिंग नाही म्हणून बोर्डातच न्यूट्रलची तार तिसऱ्या छिद्राला जोडून देणे; न्यूट्रल वाटेत कोठे तुटले की सगळ्या यंत्रांच्या अंगावर पूर्ण फेज येतो. आरएस-४८५ हे १९८३चे मानक दोन तारांमधील फरकच वाचत असल्याने आणि उणे सातपासून अधिक बारा व्होल्टांपर्यंतचा सामायिक दाब सहन करत असल्याने लांबच्या जोडणीस अधिक योग्य होते, तरी इमारतींमधील मोठा फरक त्यालाही पेलत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे दोन यंत्रांमधील तांब्याचा संबंधच तोडून संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे देणे. या कामासाठी एमसीटी-२ई ही सहा पायांची, पांढरी किंवा काळी छोटीशी चिप भारतभरच्या इलेक्ट्रॉनिक्स विद्यार्थ्यांच्या हातून गेलेली आहे. तिच्या एका बाजूला प्रकाश देणारा डायोड, दुसऱ्या बाजूला प्रकाश पडताच वाहू लागणारा ट्रान्झिस्टर आणि मध्ये पारदर्शक विद्युतरोधक थर असतो, जो हजारो व्होल्टांचा फरक अडवून धरतो. उपकरण डायोडची उघडझाप करते, संगणक ती उघडझाप वाचतो, आणि दोघांची शून्ये एकमेकांना कधीच भेटत नाहीत. मधला माणूस जे काम करत होता ते या चिपने पुन्हा सुरू केले, असे म्हणता येईल.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये मात्र ही चिप बऱ्याचदा गाळली जाई, कारण तिच्यासाठी दोन वेगळे वीजपुरवठे लागत. त्यांचा आवडता मार्ग म्हणजे छपाईयंत्राची समांतर खाच, जिच्यावर आठ तारांतून पाच व्होल्टांचे संकेत थेट बाहेर काढता येत आणि पाच तारांतून आत घेता येत. तापमानाचा संवेदक, एडीसी-०८०९ ही दाबाचे आठ-अंकी द्विमान संख्येत रूपांतर करणारी चिप आणि सी भाषेतील वीस-पंचवीस ओळी एवढ्यावर संगणकाच्या पडद्यावर पारा चढताना दिसे, आणि त्या दृश्याने कित्येकांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लावली. परंतु त्या खाचेला कोणतेही संरक्षण नव्हते. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बंद होताना त्याच्या गुंडाळीतून निघणारा उलट झटका अडवणारा डायोड विसरला, तर छपाईची खाच जळे आणि त्या काळात ती मुख्य मंडलावरच असल्याने दुरुस्ती महागात जाई. पुढे विंडोजच्या एनटी घराण्यातील आवृत्त्यांनी कार्यक्रमांना या खाचेपर्यंत थेट जाऊ देणे थांबवले, त्यामुळे जुना विंडोज-९८ किंवा डॉसवर चालणारा संगणक केवळ या प्रयोगांसाठी कोपऱ्यात राखून ठेवला जाऊ लागला.

अकोल्याच्या कृषी-संशोधनाच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. माती-परीक्षणात मातीचे पाण्यातील मिश्रण करून त्याचा सामू, म्हणजे पीएच, काचेच्या इलेक्ट्रोडने मोजला जातो. त्या काचेचा विद्युतरोध कित्येक कोटी ओहमांचा असतो, त्यामुळे तिच्यातून आलेला मिलिव्होल्टांचा संकेत अतिशय क्षीण असतो, आणि पीएच मीटर संगणकाला विलगकाशिवाय जोडला तर मिश्रणातून, भांड्यातून, टेबलावरील ढवळणाऱ्या यंत्राच्या अंगातून जमिनीकडे जाणारी चोरवाट तयार होऊन सामूचे वाचन सरकते. चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास असतो. त्यात काही दशांशांची चूक झाली तरी शेतकऱ्याला दिला जाणारा सल्ला बदलू शकतो. बीकरमध्ये मोजली जाणारी माती आणि त्या मीटरचे शून्य ज्या खड्ड्यात टेकलेले आहे ती माती एकच असावी, हा योग येथे जुळून येतो.

कापसाच्या प्रतवारीतही हाच बदल घडला. रुईचा झुबका दोन्ही हातांच्या बोटांत ओढून धाग्याची लांबी अजमावणाऱ्या ग्रेडरच्या नजरेवर व्यापार चालत होता. मुंबईच्या माटुंगा येथे १९२४मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची तंत्रप्रयोगशाळा निघाली तेव्हापासून तंतूची लांबी, बळकटी आणि तलमता यांसाठी वेगवेगळी उपकरणे आली, आणि अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या एचव्हीआय या संगणकजोड यंत्रसमूहाने ही सगळी मापे एकाच नमुन्यावर काही सेकंदांत देण्यास सुरुवात केली. भारतीय मानकाप्रमाणे ही चाचणी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता यांत व्हावी लागते. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांकडे जाते आणि आर्द्रता वीस टक्क्यांखाली उतरते, त्यामुळे चाचणीची खोली सतत ओलावा देऊन राखावी लागते. तसे केले नाही तर कोरडी रुई घर्षणाने विद्युतभारित होते आणि तो स्थितिक भार हाताच्या बोटावरून संगणकाच्या खाचेत ठिणगीसारखा उतरू शकतो.

ओलाव्याचा विषय निघाला की कूलरकडे वळावेच लागते. वाळ्याच्या किंवा लाकडी तुसाच्या जाळ्यांवर पाणी सोडून हवा गार करणारा पत्र्याचा कूलर हे विदर्भातील घराचे, कचेरीचे आणि साध्या प्रयोगशाळेचेही उन्हाळी यंत्र आहे. पाण्याची टाकी, धातूचे अंग आणि बुडालेला पंप हे तिन्ही एकत्र असल्याने अर्थिंग नसेल तर तो जीवघेणा ठरतो, आणि दर उन्हाळ्यात विदर्भात असे अपघात घडतात. उपकरणांच्या दृष्टीने त्याचा दोष वेगळा आहे: त्याची मोटर बंद-चालू होताना त्याच तारेवर येणारा उसळता दाब शेजारच्या संगणकालाही पोचतो. कूलर आणि मापन-उपकरणे यांच्यासाठी बोर्डापासूनच वेगळ्या तारा हव्यात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा घेतली. ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास वीज नसे आणि ती परत येताना दाब स्थिर नसे, त्यामुळे प्रत्येक संगणकाखाली यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीतून पुरवठा देणारे यंत्र, बसवले गेले. येथे एक नवी चूक घडू लागली: संगणक यूपीएसवर आणि उपकरण थेट लाईनवर अशी विभागणी होऊन दोघांचे संदर्भ पुन्हा वेगळे झाले, आणि वीज परत येण्याच्या क्षणी सीरियल खाचा जळू लागल्या. दोन्ही यंत्रे एकाच यूपीएसवर ठेवणे हा त्यावरचा उपाय होता. दुसरा उपाय लॅपटॉपने आणला. चार्जर काढून बॅटरीवर चालणारा लॅपटॉप जमिनीशी कोठेच बांधलेला नसतो, म्हणून त्याला जोडलेल्या उपकरणाचे शून्य तो निमूट स्वीकारतो. भारनियमनाच्या तासांत घेतलेली वाचने अनेकदा अधिक स्वच्छ येत त्याचे कारण हेच.

सीरियल खाचेची जागा पुढे घेणाऱ्या यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६चे. तिच्या प्लगमध्ये वीज आणि शून्य यांचे धातूचे पट्टे संदेशाच्या पट्ट्यांपेक्षा जाणीवपूर्वक लांब ठेवले आहेत, म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधील जुनी युक्ती तेथे पुन्हा अवतरली आणि चालू यंत्रे जोडणे पुष्कळच निर्धोक झाले. भू-वलयाचा प्रश्न मात्र यूएसबीने सोडवला नाही, कारण तिचे शून्य संगणकाच्या अंगालाच जोडलेले असते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात फिनिक्स प्रकल्पातून घडलेले एक्सपआइज हे छोटे साधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते संगणकाच्या यूएसबीवरच चालते, त्याची रचना सर्वांसाठी खुली आहे, आणि त्याच्या प्रवेशवाटांवर मर्यादेपलीकडचा दाब अडवणारे रोध आणि डायोड आधीच बसवलेले आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तरी सहसा काही जळत नाही. चुकण्याची मुभा देणारे उपकरण शिक्षणाला उपयुक्त असते, आणि ही गोष्ट महागड्या परदेशी यंत्रांना साधलेली नव्हती.

याच काळात सुरक्षितता या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. उपकरणाबरोबर आलेला संगणक पंधरा-पंधरा वर्षे तोच राहतो, कारण उपकरणाची प्रणाली नव्या विंडोजवर चालत नाही. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४मध्ये संपला तरी ती अनेक प्रयोगशाळांत टिकून राहिली. निकाल नेण्यासाठी पेन ड्राइव्ह फिरतो आणि त्याबरोबर विषाणूही फिरतात. इराणमधील यंत्रे बिघडवणारा स्टक्सनेट हा विषाणू २०१०मध्ये उघड झाला तेव्हा जगाला कळले की संगणकाला लागलेला रोग तारेवाटे यंत्रापर्यंत उतरू शकतो. अशा संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवणे आणि निकाल केवळ बाहेर जातील, आत काही येणार नाही अशी व्यवस्था करणे हे त्यावरचे पथ्य आहे, आणि त्याचे प्रकाशाच्या विलगकाशी असलेले साम्य सहज लक्षात येते.

अलीकडे काही मापनांतून तारच नाहीशी होऊ लागली आहे. महावेध प्रकल्पातून २०१७पासून महाराष्ट्रातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि त्यांत अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मंडळेही आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची मोजमापे सौर पॅनेलवर भारित होणाऱ्या बॅटरीच्या जोरावर होतात आणि मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकात पोचतात. उपकरण आणि संगणक यांच्यात धातूचा धागा उरलेला नाही, म्हणून भू-वलयही नाही आणि विजेच्या लाईनचा उसळता दाबही नाही. तरीही मोकळ्या शेतात उभा असलेला धातूचा खांब वळवाच्या विजेला तारेच्या खांबाइतकाच जवळचा असतो, आणि म्हणून त्याच्या पायथ्यापासून एक पट्टी खाली काळ्या मातीत जाते. मे महिन्यात त्या पट्टीभोवती भेग पडली तर ती मातीने बुजवून तेथे पाणी ओतावे लागते, आणि जमिनीच्या रोधाची मोजणी पावसाळ्यानंतरच्या ओल्या दिवसांऐवजी त्याच महिन्यात करावी लागते.